बिलोलीचे चाळीस टक्के

‘पाय चार्ट’ हा शब्द मी पहिल्यांदा फळ्यावर लिहिला त्या दिवशी पुढच्या बाकावरच्या एका मुलानं वहीत खरोखरचा पाय काढला होता. पाच बोटं, अंगठ्याला नख, घोट्यावर एक तीळसुद्धा. मी म्हटलं, हे काय? तो म्हणाला, सर, टक्के कुठं लिहायचे तेवढं सांगा, बोटात का टाचंत?

त्या दिवशी मी तो शब्द सोडला. ‘वृत्तालेख’ म्हणून पाहिलं, तर अर्ध्या वर्गाला वाटलं पेपरातल्या बातमीबद्दल चाललंय. शेवटी मी सरळ ‘भाकरी’ म्हणायला लागलो. अख्खी भाकरी म्हणजे शंभर टक्के. अर्धी म्हणजे पन्नास. चतकोर म्हणजे पंचवीस आणि चतकोराची अर्धी नितकोर म्हणजे साडेबारा. पोरांना हे एका तासात कळलं. तोटा एवढाच की माझा तास दुपारी बाराचा असायचा आणि पावणेएकपासून कुणाचंच लक्ष टक्क्यांत राहायचं नाही. एका मुलीनं तर परीक्षेत खरंच ‘चतकोर’ असं उत्तर काढलं आणि दिलेल्या चार पर्यायांत ते सापडेना म्हणून प्रश्न सोडून आली. तिच्या आईनं मला मोंढ्यात, भर धान्यबाजारात गाठून विचारलं होतं, की तुम्ही गणित शिकवता का स्वयंपाक.

ज्यांनी कधी या परीक्षा दिल्या नाहीत त्यांना माझा धंदा समजावून सांगतो, म्हणजे तुम्हाला नीट हसता येईल. तलाठी, पोलीस, लिपिक, बँक, कुठलीही परीक्षा घ्या, तिच्यात एक चित्र येतं. उभे खांब असतील, चढउतार करणारी रेघ असेल नाहीतर माझी भाकरी असेल. चित्रावर आकडे असतात आणि खाली चार-पाच प्रश्न. अमुक साली सायकलींचं उत्पादन किती टक्क्यांनी वाढलं, तमुक शहरात साक्षर बायका किती. चित्र बघायचं, टक्के काढायचे, गोल काळा करायचा. हात बघणारा माणूस रेघा बघून भविष्य सांगतो. मी रेघा बघून भूतकाळ सांगायला शिकवत होतो, तोही कुठल्यातरी अस्तित्वात नसलेल्या सायकल कारखान्याचा. आठवड्याचे पहिले तीन दिवस लातूरला, पुढचे तीन नांदेडला आणि मधला वेळ एसटीत, गुडघ्यावर खडूची पेटी ठेवून. दोन्ही गावांत पोरं मला ‘टक्के सर’ म्हणायची. ते प्रेमानं होतं की टक्कल पडायला लागलं होतं म्हणून, हे मी कधी विचारलं नाही.

पहिल्या वर्षी मी दारावर पाटी लावली होती, ‘निकाल शंभर टक्के’. पाटी खोटी नव्हती. त्या वर्षी माझ्याकडचा एकच विद्यार्थी परीक्षेला बसला होता आणि तो पास झाला होता. दुसऱ्या वर्षी मी पाटी काढायची विसरलो आणि नापास झालेल्या पोराच्या एका पालकानं मला तिच्याखाली उभं करून फोटो काढला. माझ्या बायकोनं तो अजून जपून ठेवलाय, पाहुणे आले की दाखवते.

आता त्या दुष्काळाचं सांगतो. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. पेपरात रोज धरणाचा साठा यायचा, आणि तो उणे असायचा. उणे अमुक टक्के. मला तर हे वरदानच वाटलं, ऋण संख्या शिकवायला इतकं ताजं उदाहरण कुठं मिळणार? मी फळ्यावर धरण काढलं, शून्याची रेघ मारली आणि म्हटलं, पाणी हिच्या खाली गेलंय. तर एकजण हात वर करून म्हणाला, “सर, उणे टक्के पाणी म्हंजे उलट आपणच धरणाला पाणी देणं लागतो का?” मी त्याला मृतसाठा, जिवंत साठा समजावून सांगत होतो, तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. वर्ग रिकामा झाला. मी तोंडातलं वाक्य पुरं केलं, भिंतीला, आणि मग मीही बादली घेऊन खाली गेलो. रांगेत माझ्यामागं माझेच विद्यार्थी. माझी बादली गळत होती. घरापर्यंत किती पोचेल याचा त्यांनी माझ्यादेखत हिशेब केला, आणि वर्षभरात पहिल्यांदा सगळ्यांचं उत्तर बरोबर आलं.

त्याच वर्षी नव्या जिल्ह्याची हूल उठली. आमच्याकडं ही हूल दर काही वर्षांनी उठते, पण त्या वर्षी पाऊस नसल्यामुळं लोकांना दुसरं काम नव्हतं, म्हणून ती चांगली फोफावली. लातूरचा थोडा भाग तोडणार, नांदेडचा थोडा जोडणार, मधोमध एक नवा जिल्हा होणार. जिल्हा झाला की कलेक्टर ऑफिस आलं, ऑफिस आलं की साहेब आले, साहेब आले की शिपाई आला, शिपाई आला की स्टूल आलं. त्या स्टुलापर्यंतची प्रत्येक जागा पोरांनी मनातल्या मनात भरून टाकली. तो जिल्हा अजूनही झालेला नाही, पण माझ्या वर्गात त्या वर्षी बसायला जागा उरली नव्हती. सरावासाठी मी टक्के शिकवत होतो, पण जागा किती निघतात आणि अर्ज किती येतात याची भाकरी मी कधी फळ्यावर काढली नाही. काढली असती तर नितकोराचाही नितकोर दिसला असता. ते एक मनाला लागून राहिलंय. असो.

तर आता माझा पराक्रम.

सरावाच्या प्रश्नांत ‘शहर अ’, ‘शहर ब’ असं लिहिलं की पोरं जांभया देतात. मला वाटलं, आपल्या ओळखीची गावं घालू, जरा गोडी लागेल. म्हणून मी एक भाकरी काढली आणि वर मथळा दिला, ‘नियोजित जिल्ह्यातील तलाठी पदांचे तालुकानिहाय वितरण’. बिलोली चाळीस टक्के, उदगीर तीस, जळकोट वीस, अहमदपूर दहा. हे आकडे कुठून आणले म्हणाल, तर कोनातून. एक टक्का म्हणजे तीन पूर्णांक सहा दशांश अंश. चाळीस टक्क्यांचा कोन एकशे चव्वेचाळीस अंशांचा येतो, दहाचा छत्तीसचा, सगळे पूर्ण आकडे, कोनमापकानं काढायला सोपे. भाकरीखाली पाच प्रश्न लिहिले, झेरॉक्स काढल्या, लातूर-नांदेड दोन्हीकडं वाटल्या आणि विसरून गेलो.

कुणीतरी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. नुसत्या भाकरीचा. खालचे प्रश्न फोटोत आले नाहीत. आठवड्याभरात तो फोटो दोन जिल्ह्यांतल्या सगळ्या मोबाइलवर फिरून, वर ‘आतली बातमी’ असं शेपूट लावून, माझ्या सख्ख्या मेव्हण्याकडून मलाच परत आला. त्यानं खाली लिहिलं होतं, बघा, तुम्ही नुसतं शिकवत बसा.

मी हसलो. हसायचं चुकलंच माझं, कारण दोन दिवसांनी अहमदपूरची जिल्हा कृती समिती वर्गाच्या दारात उभी राहिली. पाच-सहा माणसं, पुढं तात्या म्हणून एक पेन्शनर, खांद्यावर दस्ती, हातात फोटोची मोठी प्रत. हा तक्ता इथून निघालाय असा त्यांना पक्का सुगावा लागला होता. तात्या बाकावर बसले, दस्तीनं तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाले, “सर, आमचं काय चुकलं?”

मी म्हटलं, कशात?

“जळकोटाला वीस अन् अहमदपूरला धा? आमच्याकडं मोंढा हाय, कॉलेजं हायेत, एसटी डेपो हाय. जळकोट काल-परवा तालुका झालंय.”

मी सांगितलं की हा सरकारचा तक्ता नाही, गणिताचा प्रश्न आहे, मी मनानं काढलाय. तात्यांनी मागच्यांकडं बघून डोळा बारीक केला. त्यांच्या मते मी वरून दबाव असल्यामुळं असं बोलत होतो. त्यांनी मला धीर दिला. नाव बाहेर येणार नाही म्हणाले. मी पुन्हा समजावलं, कोनमापक काढून दाखवला. त्यानं तर घात झाला, कारण सरकारी मोजणीचंच हत्यार असल्यासारखे ते त्याच्याकडं बघायला लागले. एकजण हळूच म्हणाला, मशीन बी हाय.

तास सुरू व्हायची वेळ झाली होती. माझ्या डोक्यात आलं, फळ्यावर खडूनं आकडा बदलला तर कुणाचं काय जातंय. मी भाकरी काढली, जळकोटाचे दहा काढून अहमदपूरला दिले. अहमदपूर वीस, जळकोट दहा. समितीनं टाळ्या वाजवल्या, फळ्याचा फोटो घेतला, आणि तात्या जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, तुमच्यासारखी माणसं खात्यात पाहिजेत.

दुसऱ्या दिवशी तो फोटो ‘सुधारित तक्ता’ या नावानं फिरायला लागला. तिसऱ्या दिवशी जळकोटची माणसं आली.

जळकोटकर भांडले नाहीत. ते नुसते बसले. एकानं पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा काढून टेबलावर ठेवल्या, तेही त्या वर्षी, जेव्हा शेंग बघायला मिळत नव्हती, आणि म्हणाला, आमचं गाव लहान हाय म्हणून आमचं काढून घेतलं, ठीक हाय. त्या शेंगांपुढं मी टिकलो नाही. पण आता द्यायचं कुठून? भाकरी शंभरचीच असते, कुणाला वाढलं की कुणाचं तरी तोडावं लागतं, हे मी इतकी वर्षं शिकवत होतो आणि मला ते त्या दिवशी कळलं. उदगीर मोठं गाव, तिथून जीप भरून लोक आले असते. बिलोली लांब होती. बिलोलीचे दहा मी जळकोटाला दिले. बिलोली तीस, उदगीर तीस, जळकोट वीस, अहमदपूर वीस. सगळ्यांचं समाधान झालं, याही फळ्याचा फोटो निघाला. शेंगा मी घरी नेल्या.

बिलोलीहून कुणी आलं नाही. बिलोलीतर्फे बसवराज आला.

बसवराज ऊर्फ बसू हा माझ्या नांदेडच्या वर्गातला. बिलोलीजवळच्या एका खेड्यातला, स्वभावानं लोण्यासारखा आणि गणितात दगड. आलेख दिसला की त्याच्या कपाळावर घाम यायचा. वयाची अट संपत आलेली, त्याच्याकडं एकच परीक्षा उरली होती. त्या गुरुवारी मी वर्गात शिरायच्या आधीच तो जिन्यात मला आडवा आला. तोंड उतरलेलं.

“सर, माझे धा टक्के गेले.”

मी म्हटलं, मागच्या चाचणीत तर तुला नऊच होते.

तसं नव्हतं. बसूची सोयरीक जुळत होती. अहमदपूरचे एक आडत दुकानदार, शिवलिंगआप्पा, त्यांची मुलगी महानंदा. बसूच्या मामानं स्थळ नेलं होतं आणि आप्पांनी स्वच्छ सांगितलं होतं, पोरगा चांगला आहे पण नोकरी नाही. पुढं काही सुचेना, तेव्हा मामानं मोबाइल काढून माझी भाकरी दाखवली. बिलोलीला चाळीस टक्के तलाठी, आप्पा. आपला बसू बिलोलीचाच, त्याला सोडून कुणाला घेतील? आप्पांचं सगळं आयुष्य शेकड्यावर गेलेलं. आडत म्हणजे दलाली शेकड्यात, मालाची घट शेकड्यात, मालात माती किती ती शेकड्यात. चाळीस हा आकडा ऐकून ते ‘हाव’, म्हणजे हो, म्हणाले. आणि आता त्यांच्या मोबाइलवर सुधारित तक्ता येऊन पडला होता. बिलोलीचा चाळीसचा तीस झालेला बघून आप्पा म्हणाले होते, एका महिन्यात धा गेले, लग्नापर्यंत काय उरल? विचार करतो.

मी बसूला विचारलं, अरे, तू माझ्याच वर्गात बसतोस, हा सरावाचा प्रश्न आहे हे तुला ठाऊक नव्हतं? तो म्हणाला, ठाऊक होतं. मग मामाला थांबवलं का नाहीस? त्यावर तो जिन्याच्या पायऱ्यांकडं बघत म्हणाला, “सर, ती मला लई पसंत हाय.”

मग त्यानं मुख्य मागणी केली. फळ्यावर पुन्हा चाळीस करा, मी फोटो काढतो. आणि मी खरंच वर्गात जाऊन खडू उचलला, भाकरी काढली. दहा टक्के उदगीरचे काढले, बिलोलीला जोडले, आणि मग मला उदगीरहून येणाऱ्या जीपा दिसायला लागल्या. मी सगळंच पुसून टाकलं. बसू पुसलेल्या फळ्याकडं असा बघत होता, जसं काही माणूसच गेलंय.

त्याच संध्याकाळी आप्पांचा फोन आला, नंबर बसूच्या मामानं दिलेला. आवाज भारदस्त. “चार्ट काढणारे साहेब तुम्हीच ना? रविवारी बोलणी ठेवलीत. या. तुमच्यासमोर होऊन जाऊ द्या.” मी साहेब नाही, हे सांगायच्या आत त्यांनी फोन ठेवला.

रविवारी नांदेडहून अहमदपूरच्या एसटीत बसू माझ्या शेजारी बसला होता, इस्त्रीचा शर्ट, मांडीवर पेढ्यांचा पुडा. वाटेत दोन्ही बाजूंना नुसती काळी, भेगाळलेली रानं. लोहा गाव मागं पडल्यापासून तो मला पढवत होता. तुम्ही खोटं बोलू नका सर, तुम्ही फक्त म्हणा, शासन विचार करून राहिलंय. ह्यात खोटं काय हाय? शासन कायमच विचार करून राहिलंय. मला हे पटलं, हे कबूल करायला हवं. अहमदपूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा मी ते वाक्य पाठ केलेलं होतं.

आप्पांचं घर दुकानाच्या मागं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरं धोतर, डोळ्यांवर जाड भिंगं. “शरणु शरणार्थी” म्हणत त्यांनी मला लोडाशी बसवलं, पाण्याचा तांब्या पुढं केला, भरलेला, त्या वर्षात हा मान लहान नव्हता. बसूचा मामा आधीच आलेला होता आणि माझ्याकडं बघून, आपण दोघं एकाच खात्यातले, असं हसला. मग आप्पा आत गेले आणि देवघरातून एक कागद घेऊन आले. माझी पहिली भाकरी. चाळीसवाली. त्यांनी ती लॅमिनेट करून घेतली होती. वर भस्माचं बोट ओढलेलं होतं.

“रोज पूजेत ठिवतो,” आप्पा म्हणाले. “नंतर कुणी खाडाखोड केली ते मी मानत न्हाई. ह्याच्यावर सही करा साहेब. मग सुपारी फोडू.”

शासन विचार करून राहिलंय, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण समोर देवघरातून आलेली माझी भाकरी. छत्तीस अंशांचा कोन काढताना माझा हात हलला होता, अहमदपूरची रेघ जराशी वाकडी गेली होती, ती वाकडी रेघसुद्धा भस्माखाली दिसत होती. माझ्या हातून पेनाचं टोपणच निघेना.

“आप्पा,” मी म्हटलं, “हा जिल्हा नाही. हा प्रश्न आहे.”

“कुणाचा प्रश्न?”

“माझा.”

आप्पांनी काळजीनं माझ्याकडं पाहिलं. “तुमचा काय प्रश्न हाय? मोकळेपणानं बोला.”

“गणिताचा. मी मास्तर आहे. पोरांना सराव म्हणून काढला होता.”

मामा छताच्या पंख्याकडं बघायला लागला. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “मग बिलोलीला चाळीस टक्के कुणी दिले?”

“मी.”

“का?”

“एकशे चव्वेचाळीस अंशाचा कोन काढायला सोपा जातो म्हणून.”

आप्पांनी कागदावरच्या त्या कोनावरून एकदा बोट फिरवलं. मग आप्पा बसूकडं वळले. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. “म्हंजे मी कोनावर पोरगी द्यायलो होतो.”

बसूनं पेढ्यांचा पुडा घट्ट धरला होता. मला वाटलं आता उठावं, बसूला घेऊन स्टँड गाठावं आणि वाटेत त्याला दुसरा धंदा शोधायला सांगावं, किंवा मीच शोधावा. तेवढ्यात आतून चहाचा ट्रे घेऊन मुलगी आली. मी तिचा चेहरा कधी पाहिला नव्हता. पण डोळे पाहिले आणि दचकलो. आमच्याकडं उन्हाच्या आणि धुळीच्या भीतीनं मुली डोळे तेवढे सोडून सगळा चेहरा स्कार्फनं बांधून येतात आणि तशाच बसतात. माझ्या नांदेडच्या वर्गात मागच्या बाकावर, अहमदपूरच्या गाडीनं येणारा एक निळा स्कार्फ बसायचा. फळ्यावर माझी बेरीज चुकली की पहिला हात त्या स्कार्फचा वर व्हायचा. मी तिला मनातल्या मनात ‘लेखापरीक्षण’ म्हणायचो. आणि तिच्या पुढच्या बाकावर, आता मला आठवलं, बसू बसायचा, सारखा मागं वळून शंका विचारत. मला वाटायचं, गणिताच्या.

तिनं ट्रे खाली ठेवला नाही. म्हणाली, “आप्पा, ह्या कागदाखाली पाच प्रश्न होते. मी सोडवलेत. मला पहिल्या दिवसापासून मालूम हाय.”

“मग सांगितलं का न्हाईस?”

“तुम्ही हाव म्हणला होतात.”

एवढंच म्हणाली. आप्पा तिच्याकडं बघत राहिले. हे वाक्य त्यांनी एकदा सरळ वाचलं आणि एकदा उलटं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. माल बघून भाव ओळखणारा माणूस. त्यांना कळायचं ते कळलं, पण इतक्या लोकांत लगेच कळल्यासारखं दाखवणं आडत्याच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी भाकरीचा कागद उचलून बसूपुढं सरकवला.

“नौकरी न्हाई. जिल्हा बी न्हाई,” ते म्हणाले. “निदान हिशेब तरी येतो का बघू. दुकानात बसायची पाळी आली तर? सर, विचारा ह्यातला एक प्रश्न. बरोबर आला तर सुपारी फोडू. चुकला तर चहा घ्या अन् साडेचारची गाडी हाय.”

पाच प्रश्न होते. त्यांतला पहिला होता, सर्वांत जास्त पदे कोणत्या तालुक्यात आहेत? तो आंधळ्यालाही आला असता. दुसरा, जळकोट आणि अहमदपूर मिळून किती? तोही सोपा. पण घाबरलो की माझं तोंड डोक्याच्या आधी सुटतं, आणि तोंडातून नेमका चौथा सुटला. “बिलोलीची पदे अहमदपूरपेक्षा किती टक्क्यांनी जास्त आहेत?”

बोललो आणि जीभ चावली. हा प्रश्न म्हणजे या धंद्यातला सापळा आहे. चाळीस आणि दहा दिसले की माणूस वजाबाकी करून तीस म्हणतो. पण तुलना अहमदपूरशी आहे, म्हणजे अहमदपूरचे दहा हेच शंभर टक्के धरायचे. त्या दहावर तीस जास्त, म्हणजे तिप्पट जास्त, म्हणजे तीनशे टक्के. परीक्षा घेणारे पहिला पर्याय मुद्दाम ‘तीस’ ठेवतात आणि पोरं उड्या मारून त्यावर पडतात. बसू दर आठवड्याला पडायचा. मी त्याला तीनशे इतक्या वेळा समजावून सांगितलं होतं की शेवटी शेवटी माझाच तीनशेवरचा विश्वास उडायला लागला होता.

बसूनं कागद जवळ घेतला. ओठ हलवले. कपाळावर तो ओळखीचा घाम आला. मी मनातल्या मनात वर्गात असल्यासारखा ओरडत होतो, कुणाच्या मानानं, कुणाच्या मानानं. त्यानं मान वर केली आणि ठाम आवाजात, आयुष्यात पहिल्यांदा इतक्या ठाम आवाजात, म्हणाला:

“तीस.”

मी डोळे मिटले.

आप्पा बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत होते. “चाळिसातून धा गेले...” ते पुटपुटले, “तीस. हां. एकदम तोंडी सांगितलं की पोरानं.” मग माझ्याकडं वळले. “बरोबर हाय ना, सर?”

मी डोळे उघडले. महानंदा बसूकडं बघत नव्हती, आप्पांकडंही नाही. माझ्याकडं बघत होती. वर्गात या क्षणी तिचा हात वर गेला असता. आत्ता दोन्ही हात ट्रेवर होते. तिनं अगदी किंचित, पेपर तपासणाऱ्यानं बरोबरची खूण करावी तशी, मान हलवली.

“बरोबर,” मी म्हणालो.

आप्पांनी मामाच्या पाठीवर थाप मारली, सुपारी आणायला सांगितली, पेढ्यांचा पुडा बसूच्या हातातून जवळजवळ ओढूनच घ्यावा लागला. मला दोन पेढे मिळाले. भाकरीचा कागद आप्पांनी पुन्हा देवघरात नेऊन ठेवला. का ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

साडेचारची गाडी मी एकट्यानंच धरली, बसूला त्यांनी जेवायला ठेवून घेतलं. दारापर्यंत सोडायला महानंदा आली. अंगणात कुणी नाही असं बघून हळूच म्हणाली, “सर, तीनशे.”

“माहीत आहे गं.”

“लगीन झाल्यावर त्यांना मी शिकवते. सावकाश. एकदम न्हाई.” ती वळली, आतून आप्पांचं हसणं ऐकू आलं, तशी पुन्हा थांबली. “आप्पांचं मात्र तीसच राहू द्या.”